ज्या अर्काला मालक नाही

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. कृषी संचालक (निविष्ठा व गुणनियंत्रण), पुणे
मा. कुलगुरू, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे



२०२५च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जैव उत्तेजकांचा, म्हणजे आमच्या भाषेत टॉनिकचा, एक हिशेब जाहीर केला. कित्येक वर्षे सुमारे ३०,००० उत्पादने कुठल्याही तपासणीशिवाय विकली जात होती. त्याआधीच्या चार वर्षांतही सुमारे ८,००० बाजारात होती. तपासणी कडक केल्यावर त्या वेळी साधारण ६५० उरली होती. आकडे ऐकून शेतकऱ्याला बरे वाटावे अशी अपेक्षा असणार, आणि थोडे वाटलेही. पण लगेच पुढचा प्रश्न आला. गेली ती कशामुळे गेली आणि राहिली ती कशाच्या बळावर राहिली? ज्या बाटल्या गेली दहा-पंधरा वर्षे आम्ही पंपात ओतल्या त्यांपैकी कुठली कामाची होती आणि कुठली नुसते रंगीत पाणी होती, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

कायद्यात काय आहे ते आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती झाली आणि सहावी अनुसूची आली. वनस्पतींचे अर्क, त्यात समुद्रशेवाळाचेही अर्क, प्रथमच कायद्याच्या कक्षेत आले. कंपन्यांना तात्पुरती नोंदणी मिळाली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि १६ जून २०२५ ला ती अखेर संपली. कायम नोंदणीसाठी कृषी संशोधन संस्था किंवा कृषी विद्यापीठांकडे शेतावरच्या चाचण्या घेतलेल्या असाव्या लागतात. विषारीपणाच्या चाचण्या वेगळ्या. उत्पादनात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. ही शेवटची अट कोणी घातली असेल त्याचे आभार मानायला हवेत. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ असे लिहिलेल्या बाटलीने दोन दिवसांत मावा साफ झाला की जुने शेतकरी काय ते समजून हसतात.

म्हणजे चाचण्या होतात. आपल्याच विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर होतात, आपल्याच शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली होतात. मात्र त्यांचा खर्च कंपनी करते आणि अहवाल कंपनीच्या फायलीत जातो. राजपत्रात घटक आणि त्यांचे प्रमाण छापून येते. कोणत्या जमिनीत, किती पावसात, कितव्या दिवशी फवारल्यावर किती फरक पडला आणि कुठे काहीच पडला नाही, हे आमच्यापर्यंत येत नाही. आमच्यापर्यंत येतो तो दुकानातला पोऱ्या. तो सांगतो, “काका, हे घ्या, काळोखी बघा चार दिवसांत.”

काळोखी येतेही, त्यात नवल नाही. डब्यात थोडे नत्र आणि थोडे मॅग्नेशियम असले तरी पान हिरवेगार दिसते. पान गडद झाले म्हणून बोंड वाढत नाही. पण हा फरक दाखवायला शेजारी न फवारलेला पट्टा लागतो आणि तो आमच्या शेतात कोणी ठेवत नाही. आम्ही यंदाची तुलना मागच्या वर्षाशी करतो. मग पावसाने वेळेवर हजेरी लावली की श्रेय बाटलीला आणि पावसाने ओढ दिली की दोष नशिबाला.

आता कोणी म्हणेल, हा माणूस अर्कांच्याच विरोधात दिसतो. तसे मुळीच नाही. अर्कात दम असतो, आणि तो कसा व कधी असतो हे शोधायला शास्त्र लागते, याचा एक दाखला देतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात स्टॅन्ली राईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की लसूणघासाचा वाळलेला चुरा रोपाजवळच्या मातीत मिसळला की रोपाची वाढ सुधारते. दुसरा कोणी ‘घासातले नत्र’ म्हणून सोडून दिले असते. त्यांनी नत्राचा हिशेब वजा करून पाहिला, तरी वाढ उरलीच. शेवटी घासातून एक मेणचट पदार्थ वेगळा झाला, ३० कार्बनच्या साखळीचा. १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आज आपल्याकडे कपाशीपासून टोमॅटोपर्यंत फवारला जाणारा ट्रायकॉन्टॅनॉल तो हाच.

गोष्ट इथे संपली असती तर ती जाहिरात झाली असती. पुढे इतरांनी शेतावर त्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा निकाल वरखाली आले. कुठे उत्पादन वाढले, कुठे तिळमात्र फरक नाही. राईस यांच्याच गटाने १९७९ मध्ये दाखवले की या पदार्थाचा दोन कार्बनने आखूड असलेला सख्खा भाऊ, ऑक्टॅकोसॅनॉल, अगदी थोडा जरी मिसळला तरी परिणाम दाबून टाकतो. दोघेही वनस्पतींच्या मेणातच असतात. म्हणजे अर्क काढताना शुद्धता थोडी ढळली की तोच नैसर्गिक पदार्थ निकामी. ही माहिती बाटलीवर कुठे असते? आणि ज्याने बाटली विकत घेतली त्याला ती कधी कळावी?

समुद्रशेवाळाचे उदाहरण जास्त आशादायक आहे, कारण तिथे काम सरकारी संस्थेने हाती घेतले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या तांबड्या शेवाळाचा ताजा रस दाबून काढण्याची पद्धत बसवली. रस पिकाला, उरलेला चोथा कॅराजिनन काढायला. तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावरच्या कोळी बायांना त्यातून रोजगार मिळाला. निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या पिकांवर चाचण्या झाल्या आणि त्या छापल्याही गेल्या. अडचणीही लपवल्या गेल्या नाहीत. हे शेवाळ परदेशी असल्याने मन्नारच्या आखातात प्रवाळांवर पसरत असल्याची नोंद २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. कोकणच्या किनाऱ्यावर शेवाळशेतीचे बेत आखणाऱ्यांनी ती वाचून ठेवावी, दापोलीकरांनी तर नक्कीच.

माझे मुख्य म्हणणे आता सांगतो. ज्या अर्कामागे कंपनी उभी आहे त्याची चाचणी होते, कारण पैसे भरणारा कोणीतरी असतो. ज्या अर्कामागे संस्था उभी राहिली त्याचीही झाली. पण जो अर्क कोणाच्याच मालकीचा नाही, जो बांधावरच्या झाडातून फुकट मिळतो, त्याची चाचणी करायला कोणाचा खिसा सैल होत नाही. कायद्याने बाटलीला शिस्त लावली, हे चांगलेच झाले. पाला मात्र बेवारस राहिला.

निंबोळीचेच घ्या. आपल्या प्रत्येक कृषी सल्ल्यात ‘५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी’ हे वाक्य असतेच असते. कापूस असो, सोयाबीन असो, तूर असो. कृती आम्हाला पाठ आहे. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा आणि १०० लिटर करायचे. या कृतीमागे मोठे विज्ञान आहे आणि त्यातले पुष्कळसे आपल्याच मातीतले आहे. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी दाखवले की निंबोळीच्या गराचे पाणी मारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाही. अझाडिरॅक्टिन हे नाव त्यानंतर काही वर्षांनी जगाला कळले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक तेलावर दिलेले पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० मध्ये रद्द केले आणि २००५ मध्ये तो निर्णय कायम झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवून घेतली होती.

छाती फुगवून झाली. पण निंबोळ्या कुठे आहेत? एकरभर कपाशीला एका फवारणीला २०० लिटर पाणी लागते, म्हणजे १० किलो भरड. दोन फवारण्या आणि चार एकर धरले तर ८० किलो. निंबोळी पिकून पडते जून-जुलैत, नेमकी पेरणीच्या घाईत आणि पहिल्या पावसात. घरात तेव्हा एकही हात रिकामा नसतो. पडलेली निंबोळी चिखलात दोन दिवस राहिली की बुरशी धरते, साल न काढता पोत्यात भरली की आतून तापते, आणि अझाडिरॅक्टिन घसरत जाते. ऑगस्टमध्ये सल्ला येतो तेव्हा शेतकरी ती शोधायला निघतो. मिळते ती कधीची, कशी वाळवलेली, कोणाला ठाऊक. त्यात अझाडिरॅक्टिन किती, हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग तो दुकानात जाऊन बाटली आणतो, आणि आपण म्हणता शेतकऱ्याला नैसर्गिक उपायांची गोडी नाही.

त्यात पाण्याची गोष्ट. अझाडिरॅक्टिन किंचित आम्ल पाण्यात टिकते, विम्ल पाण्यात लवकर मोडते. मराठवाड्यातल्या अनेक विहिरींचे पाणी कसे आहे हे परभणीच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेला चांगले माहीत आहे. शिवाय साबणचुरा स्वतः विम्ल. उन्हातही हा घटक फार तग धरत नाही, म्हणून संध्याकाळी फवारायचे. हे सगळे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पण सल्ल्यात मात्र वर्षानुवर्षे तेच एक वाक्य. आमच्या पाण्यासाठी कृतीत काय बदल करावा, लिंबाचा रस टाकावा की आणखी काही, किती टाकावा, भिजवून किती तासांत फवारावे, हे कोणीतरी आमच्याच विहिरीच्या पाण्यात तपासून का सांगत नाही?

दुसरे झाड शेवग्याचे. शेंगा आपण खातो, पाला बहुतेक शेळ्यांना. शेवग्याच्या कोवळ्या पानांच्या रसात झिएटिन हे सायटोकायनिन गटातले संप्रेरक भरपूर असते. ते पान पिवळे पडायला उशीर लावते, पेशी वाढवते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९९० च्या दशकात निकोलाउस फॉइडल यांनी हा रस पाण्यात पातळ करून निरनिराळ्या पिकांवर फवारला आणि २० ते ३५ टक्के वाढ नोंदवली. पाकिस्तानातल्या फैसलाबाद कृषी विद्यापीठाने गव्हावर, क्षारपड जमिनीतल्या गव्हावरसुद्धा, त्याच्या पद्धतशीर चाचण्या घेतल्या. शेवगा मूळचा आपल्या उपखंडातला. सोलापूर-बीड-जालन्याच्या बांधांवर तो कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतो म्हटले तरी चालेल. पण क्षारपड जमिनीतल्या सोयाबीनला किंवा ऑगस्टमधल्या तीन आठवड्यांच्या खंडात सापडलेल्या कपाशीला तो किती उपयोगी पडतो, यावर आपल्या चार विद्यापीठांची मिळून एक ठाम, आकड्यांसह शिफारस मला हवी आहे. ‘उपयोगी नाही’ अशी निघाली तरी चालेल. निदान रस काढायचे कष्ट वाचतील.

फॉइडल यांचे २० ते ३५ टक्के मी डोळे मिटून मानत नाही. तेवढी वाढ आपल्याकडे सरसकट मिळाली असती तर गावोगाव शेवग्याची घाणी लागली असती. आणखी एक, ताण सहन करण्यासाठीचा अर्क ताण येण्याआधी द्यावा लागतो. पानातली साखर, ग्लायसिन बीटेनसारखे पदार्थ, प्रतिऑक्सिडकारकांची तयारी हे सगळे पाणी असतानाच व्हायचे असते. पीक माना टाकू लागले की मग आम्ही टॉनिक शोधतो. तोपर्यंत पानाची रंध्रे बंद झालेली, आत शिरणार काय आणि करणार काय? हवामान खात्याच्या विस्तारित अंदाजात खंडाची शक्यता दिसली की त्या आठवड्यात काय फवारावे किंवा फवारूच नये, एवढे सांगणारा सल्ला जरी आला तरी हजारो लिटर टॉनिक वाया जायचे वाचेल.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा आणखी एक गोड गैरसमज. गावोगाव दशपर्णी अर्क होतो. त्यात कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, रुई, घाणेरी असते, आणि कोणी कण्हेर घालतो, कोणी धोतरा. कण्हेरीने काय होते हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असते. तो अर्क उद्या काढायच्या मेथीवर मारावा का? तंबाखूचा काढा उघड्या हाताने ढवळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि निकोटीन कातडीतून शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे गेली, त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांवर बरेच बोलले गेले. घरच्या अर्कांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, बहुधा ‘पाला तर आहे’ म्हणून. कोणती पाने घालायची, कोणती मुळीच नाही, फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही, हे एका पानावर मावेल. ते पान निघू द्या.

लिंकिंगबद्दल फार लिहीत नाही. डीएपीच्या पोत्याबरोबर टॉनिकची बाटली गळ्यात मारणे बंद करा, असे केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना जुलै २०२५ मध्येच कळवले आहे. आपल्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी हंगामाच्या सुरुवातीला साध्या कपड्यांत जाऊन एक पोते मागून पाहावे, इतकेच.

आता मागणे. विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर झालेली प्रत्येक जैव उत्तेजकाची चाचणी, ज्या कंपनीने पैसे भरले तिच्या नावासह, मराठीत खुली करा. किती ओळी, किती पुनरावृत्ती, पाऊस किती, न फवारलेल्या पट्ट्यात काय आले, फवारलेल्यात काय आले. ‘फरक आढळला नाही’ असा निकालही छापा, तोच आमच्या जास्त उपयोगाचा आहे. कायद्यात ते बसत नसेल तर नोंदणीसाठी प्रक्षेत्र देतानाच करारात ही अट घाला. जमीन विद्यापीठाची आहे.

आणि संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या पुढच्या बैठकीत निंबोळी, शेवगा, दशपर्णी यांना पैसा द्या. किमान तीन हंगाम, कोरडवाहू शेतावर, शेतकऱ्याच्या पाण्यात. प्रक्षेत्रावरच्या ठिबकखालच्या काळ्या जमिनीत नव्हे. इथे मला कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या प्रयोग परिवाराने द्राक्ष बागायतदारांना शिकवले की शेतकरी प्रयोगाचे साधन नव्हे, तो स्वतः प्रयोगकर्ता आहे, त्याने मोजावे आणि नोंद ठेवावी. तासगावच्या बागांत हे झाले ते सरकारी यंत्रणेच्या बळावर नव्हे. आज प्रत्येक तालुक्यात कृषी खात्याचे कर्मचारी आहेत, हातात मोबाइल आहे. गावात पाच शेतकऱ्यांच्या रानात चार-चार ओळी कोऱ्या सोडायच्या आणि वेचणीच्या वेळी वजन करायचे, एवढे अवघड असू नये. बांधाकडची जमीन आणि मधली जमीन सारखी नसते, म्हणून कोऱ्या ओळी एकाच कडेला ठेवू नका, एवढे मात्र शिकवावे लागेल.

निंबोळीसाठी एक वेगळी, फार स्वस्त गोष्ट. गावातल्या बचत गटांना जूनमध्ये साल काढण्याचे साधे यंत्र आणि वाळवायला सावलीची जागा द्या, गोळा केलेल्या निंबोळीला हमीचा दर द्या, आणि प्रत्येक लॉटचा नमुना जवळच्या प्रयोगशाळेत पाठवून अझाडिरॅक्टिनचे प्रमाण पोत्यावर लिहा. गटाने शेवग्याचा रस विकायचे ठरवले तर सहाव्या अनुसूचीतल्या चाचण्यांचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो विद्यापीठाने एकदाच करावा आणि नोंदणी विद्यापीठाच्या नावावर घ्यावी, मग ती कृती वापरायला गटांना मुभा द्यावी. वाण जसे प्रसारित करता येतात, तशी ठरवले तर कृतीही प्रसारित करता येते.

येत्या मृगाच्या आधी यातले निंबोळीचे तेवढे मार्गी लागले तर ऑगस्टच्या सल्ल्यातले ते वाक्य वाचून मी बांधावर नव्हे, गावातल्या बचत गटाच्या गोदामात जाईन. चाचण्यांचे अहवाल कधी खुले होणार, याचे उत्तर कृपया तारखेसह द्यावे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर आमच्याकडे आधीपासून आहे.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक कोरडवाहू कापूस-सोयाबीन उत्पादक